लेसची खाच

“त्या नदीकाठी मी एकोणतीस वेळा राहून आलेय, आणि येतेस का म्हणून मला एकदाही कुणी विचारलेलं नाही.”

उना पॅस्को हे बोलली ती गावच्या टपालकचेरीत, एक लांबट पाकीट काउंटरवरून पुढे सरकवताना. पलीकडची बाई नुसतीच म्हणाली होती, जोडून सुट्टी येतेय, तुमची मंडळी नेहमीसारखी नदीवर मुक्कामाला जाणार असतील, मजा आहे. उनाचं उत्तर ऐकून ती हसली. तिला ती थट्टा वाटली. मग उनाही हसली. खरं बोलून झाल्यावर आपण हसलो की समोरच्याची सुटका होते, हे तिला इतक्या वर्षांत पक्कं कळलं होतं.

पाकिटात अर्ज होता.

उनाचं वय एकोणसाठ. सत्तावीस वर्षं तिने शाळेची बस चालवली. डोंगरातल्या वस्त्यांवरून मुलं गोळा करायची, खाली गावातल्या शाळेत सोडायची, दुपारी परत न्यायची. रस्ता जंगलातला. वाटेत तीन ओढे, एकावरही पूल नाही. पाऊस झाला की ती ओढ्याच्या काठाशी बस थांबवायची, हातब्रेक ओढायची, मुलांना जागेवर बसायला सांगायची आणि गमबूट चढवून, झाडूचा दांडा हातात घेऊन स्वतः पाण्यात उतरायची. पलीकडे जाऊन परत यायची. पाणी गुडघ्याच्या खाली असलं तर बस पुढे, वर गेलं तर बस मागे. मुलं काचेला नाकं लावून ओरडायची, “उना न्हायला गेली.” इतक्या वर्षांत तिच्या बसचं चाक एकदाही पाण्यात अडकलं नाही. तिचा नवरा केल्विन लाकडाच्या गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर कुंपणं घालायची कामं घेऊ लागला. तो म्हणायचा, “तू बस चालवतेस की बदकं पाळतेस?” गेल्या नाताळात मुलं उरली नाहीत म्हणून फेरी बंद झाली. कुणीतरी येऊन बस घेऊन गेलं. दांडा तेवढा उनाकडे राहिला. केल्विनने त्याला नवा झाडू बसवून तो तंबू झाडायच्या सामानात टाकला.

अर्जाचं उत्तर दोन आठवड्यांनी आलं. किनाऱ्यावरच्या एका गावात आजारी माणसांना दवाखान्यात नेणारी-आणणारी छोटी बस होती. तिचा चालक सहा महिन्यांच्या रजेवर निघाला होता. सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत पोचा, तो तुम्हाला रस्ता आणि माणसं समजावून देईल आणि त्याच संध्याकाळी जाईल. पोचला नाहीत तर दुसऱ्या माणसाला सांगून ठेवलंय. राहायला दवाखान्यामागे एक खोली आहे, खिडकी समुद्राकडे उघडते. शेवटचं वाक्य लिहिणाऱ्याने कशाला लिहिलं कोण जाणे. उनाने ते इतक्या वेळा वाचलं की घडीवर कागद विरला. पत्र तिने रेनकोटच्या आतल्या खिशात ठेवलं.

तिचा हिशेब साधा होता. नेहमीप्रमाणे शुक्रवारी नदीवर जायचं, रविवारी जेवून निघायचं, संध्याकाळी घरी. घरी पोचल्यावर केल्विनला सांगायचं. सोमवारी दुपारी लांब पल्ल्याची बस गाठायची. नदीवर सांगायचं नाही. नदीवर पॅस्को मंडळींशी कुणी काही बोलूच शकत नसे. तिथे सगळं आधीच बोलून झालेलं असायचं.

शुक्रवारी दुपारी दोन गाड्या डोंगर उतरल्या. पुढच्या गाडीत केल्विन आणि उना, मागच्या गाडीत त्यांचा मुलगा ड्रू आणि केल्विनची थोरली बहीण ग्लेनिस. तीन उन्हाळ्यांपूर्वीच्या वणव्यात हा सगळा डोंगर जळाला होता आणि तेव्हापासून रस्ता बंद होता. या वर्षी पहिल्यांदाच उघडला. नीलगिरीची झाडं काळीठिक्कर उभी होती, पण त्यांच्या बुंध्यांवर जागोजाग कोवळी पालवी फुटली होती, अंगभर लव उगवावी तशी.

नदी गाडीने ओलांडता येते अशी जागा एकच. सगळे तिला नुसतं उतार म्हणत. केल्विनने गाडी पाण्यात घातली आणि उनाने काच खाली करून वाकून पाहिलं. चाक अर्धंही भिजलं नव्हतं. खालून खडीचा कचकच आवाज येत होता.

“उतार रुंद झालाय,” ती म्हणाली.

“काय?”

“पूर्वी इथे दारापर्यंत पाणी लागायचं. आता नुसती खडी. वणव्यानंतर डोंगर धुऊन खाली आलाय सगळा.”

“महिनाभर पाऊस नाही, ड्रायव्हर. पाणी येणार कुठून?”

बस गेल्यापासून तो तिला ड्रायव्हर म्हणू लागला होता.

मुक्कामाची जागा पलीकडे, उताराच्या वरच्या अंगाला दोनशे पावलांवर. नदी तिथे वळसा घेते. तीन बाजूंनी पाणी आणि चौथ्या बाजूला उभा कडा. आत यायची वाट एक, ती उताराची. वळसा घेते तिथे पाणी संथ आणि खोल, काळं, डोह म्हणावा असं. काठावर एक जुनी नीलगिरी आहे, दोन माणसांच्या कवेत न मावणारी. तिच्या बुंध्यात खिळे ठोकलेले. प्रत्येकाच्या पत्र्याच्या मगाला एक खिळा. आणि सर्वांत वर एक लांब खिळा, गाड्यांच्या किल्ल्यांचा. फांदी कोसळली, आग लागली, तर किल्ली शोधत बसायला नको, जो जवळ असेल त्याने गाडी हलवावी. ही रीत केल्विनच्या वडिलांची. कुठला तंबू कुठे, चूल कुठे, कोण सरपण आणणार आणि कोण पाणी, हेही त्यांचंच. ते जाऊन चौदा वर्षं झाली होती. त्यांच्या खुर्चीची जागा अजून मोकळी सोडत.

आणि खुंटही त्यांचाच.

डोहाच्या काठाशी, पाण्यात, कुंपणाचा एक लोखंडी खुंट ठोकलेला होता. त्यावर करवतीने दोन खाचा पाडलेल्या. पाणी पहिल्या खाचेच्या खाली असेल तर खुशाल जा-ये करा. पहिली बुडाली तर जपून. दुसरी बुडाली तर गाडी हलवायची नाही, ती खाच कोरडी होईतो कुणी नदीच्या वाटेला जायचं नाही. दुसऱ्या खाचेला घरात नाव होतं. लेसची खाच.

लेस हा केल्विनचा मोठा भाऊ. एकोणीस वर्षांचा असताना, अशाच जोडून आलेल्या सुट्टीत, वडिलांचा ट्रक घेऊन तो पुराच्या पाण्यातून निघाला होता. ट्रक उताराच्या मध्यावर आडवा झाला. लेस दोन दिवसांनी खाली ओंडक्यांच्या गराड्यात सापडला. आठवड्याने वडिलांनी येऊन खुंट ठोकला आणि लेस गेला त्या दिवशी पाणी काठाला जिथवर चढलं होतं तिथे करवत चालवली. तेव्हापासून सत्तेचाळीस वर्षं पॅस्को घराण्यातला प्रत्येक माणूस इथे आला की आधी खुंटाकडे जातो, मग गाडीतलं सामान उतरवतो.

केल्विनही आधी तिकडे गेला. परत आला तो खुशीत.

“पहिल्या खाचेला टेकलंय. यंदा पाणी भरपूर आहे.”

उना तंबूच्या खुंट्या मोजत होती. ती थांबली. उतारावर असताना हाच माणूस म्हणाला होता, पाणी येणार कुठून. तिने रस्त्याखालच्या मोऱ्या पाहिल्या होत्या; तोंडाशी पालापाचोळा अडकला की मागे पाणी चढतं, पुढे मात्र नुसता ओघळ. उतारावर खडीचा बांध पडलाय, म्हणून वर डोहात पाणी तुंबलंय. पाणी वाढलेलं नाही, खुंट खोटा पडलाय. हे तिला तिथल्या तिथे कळलं आणि तिने ते बोलून दाखवलं नाही. बोलून काय करायचं होतं. रविवारी तर निघायचंच होतं.

शनिवारी दुपारी वरच्या डोंगरांवर ढग दाटले. मुक्कामावर एक थेंब पडला नाही. पण गडगडाट दूरवर लोळत राहिला आणि चारच्या सुमाराला नदीचा रंग बदलला. चहात दूध घालावं तसं पाणी पिवळट झालं, मग तपकिरी. काड्या, सालपटं, जळक्या लाकडाचे तुकडे वाहत आले. सहा वाजता केल्विन खुंटापाशी गेला आणि बराच वेळ उभा राहिला.

“बुडाली,” तो येऊन म्हणाला. कुठली, हे कुणी विचारलं नाही.

मग तो नीलगिरीपाशी गेला आणि वरच्या खिळ्यावरच्या दोन्ही किल्ल्या काढून त्याने शर्टाच्या खिशात घातल्या. खिशाचं बटण लावलं. त्या झाडाला किल्ल्या नाहीत, असं उनाने तीस खेपांत पहिल्यांदा पाहिलं.

“हे कशाला?” ती म्हणाली.

“कुणी शहाणपणा करू नये म्हणून.”

शहाणपणा करणारं तिथे कोण होतं? ग्लेनिसला गाडी येत नव्हती. ड्रू बापाच्या शब्दाबाहेर कधी गेला नव्हता.

रविवार उजाडला तो लख्ख. आभाळ निळं, झाडांवर ऊन, आणि कॅनव्हासच्या छपराखाली तीन माणसं पत्ते पिसत बसलेली. दिवस असा रिकामा की त्याला कुठून धरावं कळेना. उना काठाने चालत गेली. शंभर पावलांवर पाणी. वळली. दुसऱ्या बाजूला गेली. पुन्हा पाणी. कड्याच्या पायथ्याशी गेली. जळका दगड हाताला काळा लागला. परत आली तेव्हा ग्लेनिसने पत्त्यांवरून मान वर न करता विचारलं, “झाली प्रदक्षिणा?”

“झाली.”

“सापडलं दार?”

ग्लेनिस अडुसष्ट वर्षांची होती, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि टोचून बोलण्यात तिचा हात कुणी धरला नसता. पण उनाने तिच्याकडे पाहिलं ते निराळ्याच कारणाने. या बाईला दार हा शब्द कसा सुचला?

दुपारी जेवताना तिने बगळा पाहिला. राखी रंगाचा, पांढऱ्या तोंडाचा, एकटा. उताराच्या मधोमध उभा होता. पाय जेमतेम अर्धे पाण्यात. मान वाकडी करून पाण्यात बघत होता, आणि भोवतीचं गढूळ पाणी त्याला न ढकलता दोन्ही बाजूंनी पसरून जात होतं. मग तो चार पावलं पलीकडे चालला. पाय तेवढेच भिजलेले. 

“केल्विन, तो बगळा बघ.”

“बघितला.”

“कुठे उभा आहे?”

“पाण्यात. बगळे पाण्यातच उभे राहतात.”

ग्लेनिस खुदकन हसली. ड्रूने राखेत भाजलेल्या पावाचा तुकडा मोडून त्यावर काकवी ओतली आणि ताटात नजर घातली.

“उताराच्या मधोमध उभा आहे,” उना म्हणाली. “वीतभर पाणी आहे तिथे. सगळी खडी साचलीय. त्या खडीने वर डोह तुंबलाय, म्हणून खुंटावर पाणी दिसतंय. खाली काही नाही.”

“दुसरी खाच बुडालीय, उना.”

“खाच जिथे होती तिथेच आहे रे. नदी हललीय.”

“बाबांनी—”

“बाबांनी ठोकला तेव्हा डोंगरावर झाडं होती. मी दांडा घेऊन चालून बघते. दहा मिनिटांचं काम. बसच्या वेळी बघायचे तसं.”

“बसच्या वेळी,” केल्विन ड्रूकडे बघून म्हणाला, “तुझी आई ओढे मोजायची. नदी नाही.”

ड्रू म्हणाला, “आई, मंगळवारी जाऊ ना. एवढं काय त्यात? मी कामावर सांगेन, पाणी आलं होतं म्हणून. समजतील ते.”

“मला मंगळवारी चालणार नाही.”

“का? तुला कुठे जायचंय?” तो खरोखरच बुचकळ्यात पडला होता. आपल्या आईला कुठे जायचं असेल, हा प्रश्न त्याला तिसाव्या वर्षी पहिल्यांदा पडत होता.

उनाने ताटली खाली ठेवली. इथे नको, असं ठरवलं होतं. पण इथून सुटकाच नव्हती, म्हणजे दुसरी जागाही नव्हती.

तिने सांगितलं. बस, सहा महिने, सोमवारी संध्याकाळी पाच, फाट्यावरच्या पेट्रोल पंपावर एक वाजून दहा मिनिटांनी थांबणारी गाडी. समुद्राकडची खिडकी तिने सांगितली नाही. बोलताना आपला आवाज वेळापत्रक वाचल्यासारखा येतोय, हे तिला ऐकू येत होतं.

केल्विनने मगावरची गोमाशी हाताने हाकलली.

“आणि हे तू मला कधी सांगणार होतीस?” केल्विन म्हणाला.

“आज. घरी पोचल्यावर.”

“म्हणजे बॅग उचलता उचलता.”

“हो.”

“आजारी माणसांची बस कशाला गं,” ग्लेनिस म्हणाली, “इथे नवऱ्याला ने-आण. तोही आजारीच आहे.” कुणी हसलं नाही. तिने पत्ते गोळा केले.

केल्विन रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. तो उठला, हातातल्या मगातला उरलेला चहा चुलीच्या कडेला ओतला, आणि अगदी शांतपणे म्हणाला, “जायचं ना? मग मला कशाला सांगतेस? जा, खुंटाला सांग.”

तेव्हा उनाच्या जिभेवर एक वाक्य आलं.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी, खुंटापाशी पाठमोरा उभा राहून केल्विनने तिला एक गोष्ट सांगितली होती. त्या दिवशी लेस काठावर थांबला होता. इंजिन चालू, पाय क्लचवर. त्याने खिडकीतून डोकं काढून धाकट्या भावाला विचारलं होतं, जाईल का रे? आणि सतरा वर्षांच्या केल्विनने हात हलवून म्हटलं होतं, जा, जाईल. एवढंच. हे वडिलांना माहीत नव्हतं, ग्लेनिसला आजही माहीत नव्हतं. केल्विनने ते पुन्हा कधी उच्चारलं नाही आणि उनानेही नाही. तेहतीस वर्षं ते तिच्याकडे होतं, स्वयंपाकघरातल्या एखाद्या न उघडलेल्या डब्यासारखं. दरवर्षी इथे येणं, खुंट बघणं, तंबू त्याच जागी लावणं, हे सगळं त्या हात हलवण्याची फेड आहे, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तर ती येत राहिली. विचारलं नाही तरी.

आता ग्लेनिस समोर बसली होती. एक वाक्य पुरे होतं. खुंट नदीसाठी नाहीच मुळी, तुझ्यासाठी आहे. तू एकदा जा म्हणालास, त्यापायी आम्हाला किती वर्षं थांबवणार?

केल्विनने तिच्याकडे पाहिलं. तिच्या ओठांवर काय आलंय ते त्याला दिसलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला, आणि हात आपोआप खिशाच्या बटणावर गेला.

उनाने ते वाक्य गिळलं. ताटल्या उचलल्या आणि घासायला नेल्या. कुणाच्या तरी मानेवर पाय ठेवून बाहेर पडायचं, तर ते बाहेर पडणं तिला नको होतं. पण आत राहणंही आता शक्य नव्हतं.

थोड्या वेळाने ती ड्रूपाशी गेली. तो कुऱ्हाडीने सरपण फोडत होता.

“तुझ्या गाडीची किल्ली माग त्याच्याकडून.”

“आई.”

“तुझी गाडी आहे.”

“तू बाबांना ओळखतेस ना?”

“ओळखते. तू माग.”

ड्रूने कुऱ्हाड ओंडक्यात रोवली, काढली, पुन्हा रोवली. “उद्या सकाळी बघू. खाच कोरडी झाली तर निघूच की.” मग खालच्या आवाजात म्हणाला, “खरंच जाणारेस?”

त्याच्या केसांत लाकडाचा भुसा अडकला होता. तो तिने काढला.

सोमवारी सकाळी चहाचा काळा डबा चुलीवर उकळत होता. केल्विन खुंटापासून परत आला. गुडघ्यावर हात टेकून खुर्चीत बसला.

“बोटभर वर आहे अजून. उद्या.”

पाणी रात्रीतून हललं नव्हतं. हलणार नव्हतंच, परवाच्या लोंढ्याने खडीच्या बांधावर आणखी खडी चढवली होती आणि तो आहे तोवर खाच ओलीच राहणार होती. उद्याही, परवाही. केल्विन इथे बसून राहील आणि वाट बघेल, आणि शेवटी कधीतरी वनखात्याचा माणूस येईल आणि उतारावरून सरळ गाडी घालून विचारेल, काय राव, थांबलात का? हे सगळं उनाला इतकं स्वच्छ दिसलं की तिला केल्विनची कीव आली. ती कीव तिला नवी नव्हती. तेहतीस वर्षं तिने त्या किवेवर संसार केला होता.

तिने आपला पत्र्याचा मग विसळला आणि खिळ्याला उलटा टांगला. तंबूत गेली. पाठीवरच्या पिशवीत एक कपड्यांचा जोड, औषधं, चष्म्याची डबी. रेनकोट अंगात घातला. गमबूट चढवले. बाहेर येऊन सामानातला झाडू उचलला, पायाने दाबून धरून त्याचं डोकं पिरगाळलं आणि दांडा मोकळा केला.

“ऊन पडलंय,” ग्लेनिस म्हणाली. “रेनकोट कशाला?”

उना वाटेला लागली.

“उना. अगं, कुठे?” ग्लेनिसचा आवाज बदलला. “केल्विन, ही बघ.”

उताराशी येईपर्यंत दोनशे पावलं. मागे कुणीतरी चालत येतंय, हे तिला कळत होतं. पावलं ओळखीची होती, डावा पाय किंचित ओढणारी. तिने वेग वाढवला नाही, कमी केला नाही. पाण्याच्या कडेला ती नेहमीसारखी क्षणभर थांबली. वरच्या अंगाला पाहिलं, ओंडका येत नाही ना. खालच्या अंगाला पाहिलं, घसरलोच तर कुठे अडकू. मग दांडा पुढे रोवला आणि उतरली.

घोट्यापर्यंत. खडी पायाखाली घट्ट होती, सरकत नव्हती. वीस पावलं घोट्यापर्यंतच. मग पोटरी. पाणी थंड होतं आणि त्याचा आवाज कानांभोवती एवढा गच्च, की मागे कुणी हाक मारली असती तरी कळलं नसतं. कदाचित मारली असेल. बगळा दूर, पलीकडच्या ओंडक्यावर जाऊन बसला आणि तिच्याकडे एका डोळ्याने बघत राहिला.

पलीकडचा काठ दहा हातांवर आला तेव्हा दांडा अचानक खोल गेला. मूळ प्रवाह तिथे सरकला होता, काठाला चिकटून. पाणी गुडघ्याला लागलं. पुढचं पाऊल टाकलं तेव्हा गुडघ्याच्या चार बोटं वर. बुटात गार लोंढा शिरला आणि पाय जड झाले.

ती थांबली.

गुडघ्याच्या वर गेलं की बस मागे. सत्तावीस वर्षं हा नियम तिने एकदाही मोडला नव्हता. पाठीमागे काचेला नाकं लावलेली पंचवीस मुलं असायची. आता पाठीमागे कोण होतं, हे तिने वळून पाहिलं नाही. प्रवाहाकडे कूस करून आडवी उभी राहिली, दांडा वरच्या अंगाला रोवला, त्यावर सगळा भार टाकला. एक पाय. थांब. दुसरा पाय. दांडा काढ, रोव. पाणी मांडीला धक्के देत होतं, पण दमाने, हिसका न देता. चार पावलं. चौथ्या पावलाला चिखल लागला, मग गवत.

काठावर चढून ती एका दगडावर बसली आणि बूट काढून उलटे केले. तपकिरी पाणी भळकन सांडलं. बूट पालथा धरताना तोंड नदीकडे झालं, तेव्हा तिला बघावं लागलंच.

केल्विन पाण्यात उभा होता. काठावर नाही, पाण्यात. पंधरावीस पावलं आत आला होता, आणि पाणी त्याच्या घोट्याला होतं. तो खाली आपल्या पायांकडे बघत होता, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत. त्याच्या शर्टाच्या खिशाचं बटण उघडं होतं. किल्ल्या हातात होत्या. त्याने मान वर केली आणि हात पुढे केला, तळहात उघडा ठेवून. पलीकडच्या काठावर कुणाला किल्ल्या द्यायला तो हात पुरला नसता. मग तो हात तसाच थोडा वर गेला आणि मध्येच थांबला. हलवावा की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

उनाने मोजे पिळले, घातले. बूट चढवले. रेनकोटच्या आतल्या खिशाला बाहेरून हात लावून बघितला. कागद कोरडा होता. 

फाटा अकरा किलोमीटरवर होता आणि साडेआठ वाजले होते. ती उठली, दांडा खांद्यावर घेतला आणि जळक्या झाडांमधल्या चढाला लागली.